मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, ५ मार्च २०२५ला, चर्चमधल्या संध्याकाळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. बाहेर गाडीपाशी आल्या आल्या मी तो रुमालाने पुसून टाकला. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जपून ठेवतात, त्या जाळून ही राख करतात. थोडी तेलकट असते, सहज निघत नाही. मी घासून घासून काढली. सोसायटीत शिरताना कुणी विचारलं असतं, 'कपाळाला काय लागलंय?', तर मला उत्तर द्यायचं नव्हतं.

ह्याच सोसायटीचे पैसे मी खाल्ले होते.

हे लिहायला मला बरेच महिने लागले. लिहितोय ते अशा माणसासाठी, ज्याने असंच काही करून ठेवलंय, ज्याला देवासमोर उभं राहायचंय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. म्हणून तारखा, रकमा, कागद सगळं देतो. देवाच्या सान्निध्याची ओढ आणि सोसायटीची पावती एकाच लेखात कशी, असं कुणाला वाटेल. माझ्या बाबतीत ती दोन वेगळी काढता आली नाहीत.

आमची सोसायटी पुण्यात विश्रांतवाडीच्या बाजूला आहे, ३२ घरांची. २०१९पासून मी तिचा खजिनदार होतो. भोसरीला एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो, त्यामुळे सगळ्यांनी एकमताने माझ्या गळ्यात घातलं. २०२१च्या जानेवारीत इमारतीला रंग द्यायचं ठरलं, घरटी ६,००० रुपये. आठ घरांनी खात्यावर पाठवले, २४ घरांनी रोख दिले. म्हणजे १,४४,००० रुपये माझ्या कपाटात. रंगारी रोखीने घेणार होता म्हणून ते बँकेत भरले नाहीत. एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली, रंगकाम थांबलं, माझा पगार निम्म्यावर आला आणि वडील दवाखान्यात गेले.

पहिले २०,००० मी औषधाला काढले. पुढच्या पगाराला परत ठेवणार होतो. इथेच थांबून सांगतो, कारण ही गोष्ट मी स्वतःला चार वर्षं चुकीची सांगत आलो: औषधाला एकूण ३८,००० गेले. वडील बरे होऊन घरी आले. बाकीचे १,०६,००० घराच्या हप्त्यांत, मुलीच्या ऑनलाइन शाळेच्या मोबाइलमध्ये, मेहुणीच्या लग्नातल्या आहेरात आणि रोजच्या खर्चात गेले. डिसेंबर २०२१पर्यंत पाकीट रिकामं झालं. पुस्तकात मात्र 'हातातील रोख शिल्लक' म्हणून आकडा जिवंत होता. दरवर्षी ३१ मार्चला खजिनदार लेखापरीक्षकाला रोख शिल्लकेचं प्रमाणपत्र देतो. २०२२, २०२३, २०२४, तीन वेळा मी त्यावर सही केली. लेखापरीक्षक दरवर्षी शेरा मारायचे की एवढी रोकड हातात ठेवू नये, बँकेत भरावी. आम्ही दोषदुरुस्ती अहवालात लिहायचो की रंगकामासाठी राखून ठेवली आहे. ते वाक्य मीच लिहायचो.

ह्या काळात माझी प्रार्थना कधी बंद पडली ते मला नेमकं सांगता येणार नाही. चर्चला जाणं सुरू होतं. गीतं म्हणत होतो. पण घरी जेवणाआधीची प्रार्थना मी मुलीवर सोपवली. 'आज तू कर बाळा', असं एकदा म्हणालो आणि मग रोजच तसं झालं. बायकोला वाटलं, लेकीला वळण लावतोय. सकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचो आणि मागच्या पानांवरचे नकाशे बघत बसायचो. यार्देन नदी, गालीलाचा समुद्र, पौलाचे प्रवास. मजकुराकडे वळलं की डोळे ओळीवरून घसरायचे. येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या प्रभुभोजनाच्या रविवारी काहीतरी काम काढून मागच्या बाकावर बसायचो आणि रांग लागली की बाहेर पडायचो. बायबलातल्या स्तोत्र ३२मध्ये दावीद राजा म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, रात्रंदिवस तुझा हात माझ्यावर भारी होता. पूर्वी मला ती अलंकारिक भाषा वाटायची. पहाटे तीनला गुडघ्यांत ठणका घेऊन उठायला लागलो तेव्हा तसं वाटेनासं झालं.

आणि तरी ओढ होती. हे समजावून सांगणं कठीण आहे. ज्याच्यापासून तोंड लपवतोय त्याचीच आठवण येत राहायची. लहानपणी आई रात्री दिवा मालवल्यावर अंधारात बोलल्यासारखी प्रार्थना करायची, साधी, घरातल्या माणसाशी बोलावी तशी. मला तसं बोलायचं होतं. पण तोंड उघडलं की पहिलं वाक्य काय असेल ते मला माहीत होतं, आणि ते मला उच्चारायचं नव्हतं.

२ मार्चच्या रविवारी दुपारी मुलीने पुस्तक माझ्या हातात दिलं. संडे स्कूलला तिला स्तोत्र ५१मधल्या बारा ओव्या पाठ करायच्या होत्या. ती डोळे मिटून म्हणत होती आणि मी ओळींवर बोट ठेवून तपासत होतो. अकराव्या ओवीपाशी ती अडली. देवा, मला तुझ्यासमोरून घालवून देऊ नकोस, ही ती ओवी. 'पप्पा, पुढे काय?' पुढे 'तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस' असं आहे. मला ते वाचून दाखवता येईना. मी पुस्तक तिच्याकडे वळवलं आणि म्हटलं, तूच बघ. महिनाअखेरीला चौथ्या प्रमाणपत्रावर सही करायची होती.

शुक्रवार, ७ मार्च. संध्याकाळी सहाला पाळकसाहेबांना चर्चच्या खोलीत भेटलो. फोनवर फक्त 'जरा बोलायचंय' एवढंच सांगितलं होतं. अशी वेळ मागून घ्यावी, उपासना संपल्यावर दारात गाठू नये. तिथे दहा माणसं मागे उभी असतात आणि आपण ऐन वेळी तब्येतीचं काहीतरी बोलून निघून येतो. हे मी दोनदा केलं होतं.

मी आडवळणाने सुरुवात केली. मन लागत नाही, प्रार्थना होत नाही वगैरे. त्यांनी पाचेक मिनिटं ऐकलं आणि विचारलं, 'काय घडलंय ते सांगता का?' मी म्हटलं, 'पैशांचं आहे.' ते म्हणाले, 'किती?' तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. त्यात रागही नव्हता आणि कीवही नव्हती. 'एक लाख चव्वेचाळीस हजार.' हा आकडा मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला. मग बाकीचं आपोआप बाहेर आलं. पाऊण तास लागला.

त्यांनी माझ्यासोबत पापांगीकाराची प्रार्थना म्हटली आणि डोक्यावर हात ठेवून क्षमेचं वचन उच्चारलं. मी विचारलं, पैसे परत करायच्या आधीच? ते म्हणाले, 'पैसे परत करणं ही क्षमेची किंमत नव्हे. ती किंमत तुम्हाला परवडणारीच नाही. पण क्षमा मिळालेला माणूस दुसऱ्याचे पैसे कपाटात ठेवून बसत नाही.' मग त्यांनी मला बायबलातल्या मत्तयाचा पाचवा अध्याय काढायला लावला. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

माझा एक प्रश्न कित्येक महिने अडकून होता. स्तोत्र ५१मध्ये दावीद म्हणतो, 'तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं.' मग उरीयाचं काय? त्याची बायको घेतली, त्याला लढाईच्या तोंडावर उभं करून मारवलं. खरं सांगायचं तर मला त्या ओळीत पळवाट दिसत होती. देवाशी आतल्या आत मिटवून टाकता येईल, सोसायटीला कळायचं कारण नाही. पाळकसाहेब म्हणाले, 'नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला तेव्हा त्याने कुणाची गोष्ट सांगितली? गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची. ज्याचं गेलं त्याच्यापासून देवाने सुरुवात केली. तुम्ही ते सोडून देवाकडे जायचं म्हणता.'

त्या रात्री मला आमच्या तळमजल्यावरच्या आजी आठवल्या. एकट्या राहतात, नवऱ्याच्या पेन्शनवर. त्यांनी रंगाचे ६,००० तीन हप्त्यांत दिले होते. दर वेळी रुमालाच्या गाठीतून दोन हजार, पाचशेच्या तीन आणि शंभराच्या पाच नोटा, डांबरगोळ्यांचा वास असलेल्या. मी पावती फाडून दिली की त्या ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. पैसे कधी मोजून दाखवायच्या नाहीत आणि मलाही मोजू द्यायच्या नाहीत. 'मोजलेत रे मी, ठेव.'

शनिवारी, ८ मार्चला रात्री बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, 'चार वर्षं तू लेकीला प्रार्थना करायला लावत होतास, ते ह्यामुळे?' मी हो म्हटलं. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. तीन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. इथे माझा सल्ला एकच: जोडीदाराला आधी सांगा, समितीला नंतर. मी तिला पाळकसाहेबांच्या नंतर सांगितलं आणि त्याचं तिला आजही लागून राहिलं आहे. पहिला मान तिचा होता.

सोमवारी, १० मार्चला शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांकडे गेलो. सल्ल्याचे १,५०० रुपये. त्यांनी स्पष्ट सांगितलं की रक्कम परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही. घटना २०२१ची, म्हणजे जुना भारतीय दंड विधान लागतो, फौजदारी विश्वासघात. सहकार कायद्याखाली लेखापरीक्षकाला अपहार दिसला तर त्याला निबंधकाकडे विशेष अहवाल द्यावा लागतो आणि पुढे गुन्हाही दाखल होऊ शकतो. 'लेखी काही देऊ नका', असं ते दोनदा म्हणाले. त्यांचं काम त्यांनी चोख केलं. मी मात्र लेखी द्यायचं ठरवलं, कारण ह्या सगळ्याची सुरुवातच एका खोट्या सहीपासून झाली होती. तुम्ही कुणी ह्या वाटेने जाणार असाल तर वकिलाला भेटल्याशिवाय जाऊ नका. काय होऊ शकतं ते सगळं माहीत असताना जाणं आणि अंधारात उडी मारणं ह्यात फरक आहे.

आता रक्कम. जुन्या करारातल्या गणना ५:७मध्ये हिशेब सरळ दिला आहे: पाप कबूल करावं, मुद्दल पुरतं भरावं आणि त्यात पाचवा हिस्सा घालून ज्याचा अपराध केला त्याला द्यावं. लेवीयच्या सहाव्या अध्यायातही तेच आहे. जक्कया नावाच्या जकातदाराने येशूसमोर चौपट परत करायचं कबूल केलं होतं. तेवढं माझ्याकडे नव्हतं. १,४४,०००चा पाचवा हिस्सा २८,८००. एकूण १,७२,८००.

आधी भविष्य निर्वाह निधीतून आगाऊ काढायचं ठरवलं, कारण ते सगळ्यात सोपं होतं. ऑनलाइन अर्ज भरत गेलो आणि कारणाच्या रकान्याशी येऊन थांबलो. आजारपण, घर, लग्न, शिक्षण. ह्यातलं एक निवडायचं आणि पुढे जायचं. ऑफिसमधले सगळे 'आजारपण' टाकतात. माझा हात माउसवर होता. मग खिडकी बंद केली. खोट्या कारणाने काढलेल्या पैशाने खोटेपणा फेडायचा, हे मला जमलं नाही. त्या दोन मिनिटांनी मला धीर दिला, कारण चार वर्षांत पहिल्यांदाच मी 'नको' म्हणालो होतो.

मुदत ठेव मोडली, दंड कापून ९६,२०० हातात आले. मोटारसायकल ३४,०००ला विकली. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, गिऱ्हाईक मिळेपर्यंत ११ दिवस. गाडी विकताना आरटीओच्या नमुना २९ आणि ३०वर सह्या करून नाव बदलल्याची खातरजमा करून घ्या, नाहीतर पुढचे दंड आपल्या नावावर येत राहतात. उरलेल्या ४२,६००साठी बायकोने स्वतःहून तिच्या दोन बांगड्या पुढे केल्या. मी मागितल्या नव्हत्या. त्यावर ४३,०००चं सोनेतारण कर्ज मिळालं. ती काउंटरवर सही करत होती तेव्हा मी तिच्या मनगटाकडे बघू शकलो नाही.

अध्यक्षांना १५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांच्या नखांत अजून गुलाबी रंग होता. त्यांनी चहा मागवला होता, तो आला आणि तसाच निवला. 'अहो पण तुम्ही?' एवढंच ते तीन-चार वेळा म्हणाले. मंगळवारी, १८ तारखेला समितीची बैठक झाली. मी दीड पानाचं पत्र दिलं: किती घेतले, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या तीन प्रमाणपत्रांवर खोटी सही केली, किती परत करतोय. त्यातून औषधाचा उल्लेख पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून गाळला. 'विचारलं तर सांगा', ते म्हणाले होते, 'आधी ढाल पुढे करू नका.'

२४ मार्चला १,७२,८०० रुपये सोसायटीच्या खात्यावर पाठवले. रोख देऊ नका, बँकेतूनच द्या, म्हणजे तारीख आणि रक्कम ह्यावर पुढे वाद होत नाही. पावतीवर मात्र गाडी अडली. सेक्रेटरींना मुद्दल कुठे जमा करायचं ते कळत होतं, पण वरचे २८,८०० कुठल्या सदराखाली? ते म्हणाले, 'देणगी लिहू का? सोपं पडेल.' मी नाही म्हटलं. देणगी लिहिली असती तर सोसायटीच्या पुस्तकात मी देणगीदार झालो असतो. अर्धा तास खल झाला. शेवटी दोन ओळी झाल्या. पहिली: 'रंगकाम निधीतील कमी आढळलेल्या रोख रकमेची भरपाई, १,४४,०००'. दुसरी: 'वरील रक्कम वापरल्याबद्दल नुकसानभरपाई, २८,८००'. सेक्रेटरींचं अक्षर मोठं आहे, दुसरी ओळ समासात शिरली. ती पावती घरी आणली आणि रात्री उशिरापर्यंत टेबलावर तशीच ठेवली.

मला वाटलं होतं, आता मन मोकळं होईल. तसं काही झालं नाही. ७ मार्चच्या क्षमेच्या वचनानंतरही नाही आणि पावतीनंतरही नाही. प्रार्थनेला बसायचो आणि डोक्यात सर्वसाधारण सभेचीच दृश्यं. मार्चच्या मध्यात एक दुपार मी गुरुवार पेठेत पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात काढली होती. बाहेर तो वेगळा उभा घंटामनोरा, आत दगडी गारवा. तिथे मला १८९०चं चहाप्रकरण आठवलं. ह्याच पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठितांनी चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं, आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून जावं लागलं. समाजाने परत पंगतीला घ्यावं म्हणून केलेलं ते प्रायश्चित्त. मला जाणवलं की मीही मनातून तेवढ्यासाठीच धडपडत होतो: लोकांनी पुन्हा नीट बघावं, 'चांगला माणूस' म्हणावं. देव त्या धडपडीत मागे पडला होता. त्या दिवशी मी एकच वाक्य बोललो. लोकांनी काहीही ठरवलं तरी मला तू हवा आहेस. उत्तर आलं नाही, पण वाक्य खरं होतं.

सभेची नोटीस लागल्यापासूनचे दिवस सगळ्यात वाईट गेले. विशेष सभेला पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते. ३० मार्चला पाडवा, म्हणून सभा शनिवारी, ५ एप्रिलला ठेवली. लिफ्टशेजारच्या फलकावर विषय लिहिला होता: 'रंगकाम निधीतील अपहाराबाबत निर्णय घेणे'. माझं नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. मुलीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, कारण ते तिला जिन्यात कळू द्यायचं नव्हतं. तिने विचारलं, 'म्हणजे चोरी?' मी म्हटलं, 'हो, चोरी.' तिने दुसरं काही विचारलं नाही.

२९ मार्चला दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला गेलो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. १९०५मध्ये तिथल्या मुलींमध्ये जी जागृती झाली तिच्याबद्दल आजीकडून ऐकलं होतं. मुली रडून आपापली पापं कबूल करत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. परतीच्या गाडीत स्तोत्र ५१ पुन्हा काढलं. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की 'शुद्ध हृदय उत्पन्न कर' ह्यातलं हिब्रू क्रियापद तेच आहे, जे उत्पत्तीच्या पहिल्या ओवीत आहे: देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली. दावीद डागडुजी मागत नाही, काही नाही त्यातून नवं मागतो. डब्यात गर्दी होती, मी दाराशी उभा होतो, बाहेर उसाचे फड मागे जात होते. मी ते मागितलं. बस्स, मागितलं.

५ एप्रिल, संध्याकाळी साडेसहा. कोरम २०चा, माणसं २३ आली. पाळकसाहेब माझ्यासोबत आले होते, पण वर यायला त्यांनी नकार दिला. 'मी आलो की ते माझ्याकडे बघून बोलतील', म्हणाले, आणि खाली वॉचमनच्या बाकावर बसून राहिले, दोन तास. मी उभा राहून पत्र वाचलं. एकाने पोलिसांत द्या म्हटलं. एकाने 'पैसे आलेत ना, मिटवा' म्हटलं. एकजण म्हणाले, 'हे चर्चला जातात म्हणून आपण विश्वास ठेवला.' ते मला सगळ्यात जास्त लागलं, आणि ते बरोबर होतं.

मग तळमजल्यावरच्या आजी उठल्या. मांडीवर बिस्किटांचा डबा होता. त्यांनी त्यातून तीन पावत्या काढल्या, घड्या उलगडल्या आणि मला विचारलं, 'माझे सहा हजार त्यात होते का?'

'होते, आजी.'

'तिन्ही वेळचे?'

'तिन्ही.'

त्यांनी पावत्या पुन्हा घड्या करून डब्यात ठेवल्या, झाकण दाबून लावलं आणि खाली बसल्या. बाकी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मतदानाच्या वेळी मला बाहेर थांबायला सांगितलं. रक्कम स्वीकारायची, मला समितीतून काढायचं, पुन्हा कधी पद द्यायचं नाही, सगळी कागदपत्रं लेखापरीक्षकांसमोर ठेवायची आणि पोलिसांबद्दल त्यांच्या अहवालानंतर ठरवायचं. बाजूने १४, विरोधात ६, तटस्थ ३. विरोधातल्या सहांना हे फार सौम्य वाटलं होतं. खाली आलो तेव्हा पाळकसाहेबांनी वॉचमनच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली होती. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. 'चला, तुम्हाला घरापर्यंत सोडतो', म्हणाले. घर दोन मजले वर होतं.

१७ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, प्रभुभोजनाला गेलो. रांगेत बायको पुढे, मुलगी बाकावर. गुडघे टेकले. तळहातावर भाकर आली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भाकर टाळूला चिकटली आणि द्राक्षारसाने सुटली. मला प्रचंड भूक लागली आहे, एवढंच जाणवलं. चार वर्षांत न लागलेली भूक. घरी येऊन आमटी-भाताची तीन ताटं जेवलो. जेवणाआधी मुलगी नेहमीप्रमाणे हात जोडून सुरू करणार तेवढ्यात मी म्हटलं, 'आज मी करतो.' दोनच वाक्यं झाली. बायकोने आमेन म्हटलं.

देव परत आला असं मी कुठल्या तारखेला सांगू, कळत नाही. गाडी विकल्यामुळे भोसरीला बसने जातो. जूनच्या पहिल्या पावसात, खिडकी बंद होत नव्हती म्हणून भिजत उभा असताना, लक्षात आलं की मी बोलतोय. मनातल्या मनात, कधीपासून कोण जाणे. वडिलांच्या गुडघ्याबद्दल, बांगड्यांच्या हप्त्याबद्दल, त्या सहा जणांबद्दल. आई अंधारात बोलायची तसं. आणि ऐकणारा जवळ होता. माझा थांबा मागे गेला, पुढच्या थांब्यावर उतरून चालत आलो.

लेखापरीक्षण जुलैअखेर पूर्ण झालं. माझा जबाब त्यांनी दोनदा घेतला, एकदा पावणेदोन तास. अहवालात सगळं नमूद आहे आणि तो उपनिबंधकांकडे गेला आहे. पुढे काय होईल ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही. बोलावलं तर जाईन, वकिलांना सांगून ठेवलंय. बांगड्यांचे चार हप्ते राहिलेत. जिन्यात दोन घरं अजून बोलत नाहीत.

मागच्या आठवड्यात आजींनी दारातून हाक मारली. लाइटबिल भरायची शेवटची तारीख होती आणि त्यांचा पाय मुरगळला होता. मी म्हटलं, 'आजी, दुसऱ्या कुणाला सांगता का?' त्या म्हणाल्या, 'तू जातोस ना त्याच बाजूला?' रुमालाची गाठ सोडली आणि ह्या वेळी नोटा माझ्यासमोर मोजल्या, एकेक, बोटाला थुंकी लावून. ९४० रुपये. बिल ९१० होतं. संध्याकाळी मी पावती आणि ३० रुपये आणून दिले. त्यांनी चष्मा लावून पावतीवरचा आकडा वाचला, तीन नाणी तळहातावर घेऊन मोजली, पुन्हा एकदा मोजली.

'बरोबर आहे', म्हणाल्या, आणि डबा उघडला.